आईच्या छातीची ऊब, देशोदेशीच्या परिचारिकांचे हात

आज आपण बोलणार आहोत कमी वजनाच्या बाळाविषयी आणि त्याला जगवणाऱ्या एका साध्या उपायाविषयी. या उपायाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती आईची छाती, एक सुती कापड आणि शेजारी उभी राहून ‘असं धर, घाबरू नकोस’ म्हणणारी परिचारिका. दवाखान्यात याला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. सिस्टरांच्या तोंडी नुसतं ‘केएमसी’. ऑस्ट्रेलियात कांगारू नावाचा प्राणी असतो. त्याचं पिल्लू अगदीच अपुरं जन्मतं आणि पुढे कित्येक महिने आईच्या पोटाच्या पिशवीत वाढतं. त्यावरून हे नाव पडलं.

आधी कमी वजन म्हणजे किती, ते पाहू. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर ते कमी वजनाचं बाळ. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगभरात अशी अपुऱ्या दिवसांची अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्माला आली. म्हणजे साधारण दहा बाळांमागे एक. हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. पण जिथे मुलीचं लग्न लवकर होतं, जिथे बाईच्या अंगात रक्त कमी असतं, जिथे पोटुशी बाई दिवस भरत आले तरी ऊसतोडीच्या फडात मोळ्या उचलत असते, तिथे ही भीती जास्त.

अशा बाळाला सगळ्यात पहिला धोका असतो गारठ्याचा. आपल्याला वाटतं, उन्हाळ्यात कसला गारठा? पण या बाळाच्या कातडीखाली चरबीच नसते. चुलीवरून उतरवलेली लहान वाटी मोठ्या पातेल्याच्या आधी निवते, तसं हे बाळ पटकन गार पडतं. मग पोटात गेलेलं थोडंसं दूध अंग गरम ठेवण्यातच खर्च होतं, वजन वाढायला काही उरत नाही. गार पडलेलं बाळ सुस्त होतं, सुस्त झालं की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. त्यातच कुठून जंतूंचा संसर्ग झाला, तर त्याला झुंजायला बळ नसतं.

यावर मोठ्या दवाखान्यात काचेची पेटी असते. पण पेट्या थोड्या आणि बाळं फार, ही तक्रार आपल्याकडचीच आहे असं नाही. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहराच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात हीच अडचण होती. एकाच पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. आईला आत प्रवेश नाही, तिनं काचेतून पाहायचं. आठवडेच्या आठवडे बाळ हाताला लागत नसे आणि काही आया तर बाळ तिथेच सोडून निघून जात. डॉ. एडगर रे यांनी तिथे नवा प्रयोग सुरू केला, पुढच्या वर्षी डॉ. एक्तोर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी बाळ पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीशी उभं बांधलं. त्याला आईचं दूध दिलं. बाळ स्थिर झालं की दोघांना लवकर घरी पाठवलं आणि तपासणीला पुन्हा पुन्हा बोलावलं. ऊब, दूध आणि देखरेख. आजही या उपायाचे हेच तीन पाय आहेत. एक पाय काढला तर तिवई पडते, हे लक्षात असू द्या.

आता मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. हा उपाय जगभर गेला कसा? यंत्र असतं तर कंपनीनं विकलं असतं. यात विकण्यासारखं काहीच नव्हतं. तो गेला माणसांच्या हातांनी, आणि त्यातले पुष्कळ हात परिचारिकांचे होते.

सुरुवातीला श्रीमंत देशांतल्या पुष्कळ तज्ज्ञांना ही गरिबांची तात्पुरती सोय वाटली. आमच्याकडे पेट्या आहेत, आम्हाला हे कशाला? १९८६ साली अमेरिकेतल्या नर्सिंगच्या एका नामांकित मासिकात याविषयी लेख आला. लिहिणाऱ्या तिघींमध्ये अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जीन क्रॅन्स्टन अँडरसन होत्या आणि स्वीडनच्या विवियन वालबर्ग होत्या. दोन खंडांतल्या बायकांनी एकत्र येऊन तिसऱ्या खंडातल्या गरीब आयांचा उपाय आपल्या परिचारिका भगिनींपुढे मांडला. अँडरसनबाईंनी आणि अमेरिकेतल्याच सुझन लुडिंग्टन यांनी पुढे वर्षानुवर्षं मोजमापं केली. छातीशी असताना बाळाचा श्वास कसा चालतो, ठोके कसे पडतात, ऊब किती टिकते, झोप कशी लागते. गरिबांची सोय म्हणून हिणवलेली गोष्ट शास्त्र म्हणून उभी राहायला असं मोजून दाखवावं लागलं.

त्याच सुमारास आफ्रिकेत, झिंबाब्वेच्या दक्षिण भागातल्या मनामा या खेड्यातल्या मिशन रुग्णालयात डॉ. निल्स बर्गमन आणि सुईण-परिचारिका ॲग्नेटा युरिसू काम करत होते. तिथे पेटी नव्हतीच. त्यांनी जन्मापासूनच बाळ आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. आधी तिथे दीड किलोच्या आतल्या दहा बाळांपैकी एखादंच जगत असे, आता पाच जगू लागली. तेच रुग्णालय आणि तशाच गरीब आया. बदलली होती ती बाळाची जागा.

१९९४ साली बोगोटात कांगारू प्रतिष्ठान स्थापन झालं. दुसऱ्या देशांतून डॉक्टर आणि परिचारिकांची पथकं तिथे शिकायला येऊ लागली. महिना-पंधरा दिवस वॉर्डात उभं राहायचं, हातानं करून पाहायचं, मग आपल्या देशात जाऊन दुसऱ्यांना शिकवायचं. पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच हे आहे. दीड किलोचं बाळ किती घट्ट बांधायचं, मान किती वर ठेवायची, घाबरलेल्या आईशी काय बोलायचं, हे हाताला हात लागल्याशिवाय येत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात याची नीट पारख झाली. दोन किलोच्या आतल्या २०६ बाळांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. छातीशी ठेवलेल्या बाळांचं वजन रोज सरासरी २४ ग्रॅमच्या आसपास वाढलं, नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलेल्या बाळांचं साडेपंधराच्या आसपास. सोळाशे ग्रॅमच्या जिवाला रोजचे आठ-नऊ ग्रॅम म्हणजे थोडे नव्हेत. २०१४ साली केंद्र सरकारनं याविषयी देशभरासाठी सूचना काढल्या.

तरीही एक प्रश्न उरला होता. सगळीकडे नियम असा होता की बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, ज्या दिवसांत सगळ्यात जास्त बाळं दगावतात, नेमकं तेव्हाच बाळ आईपासून दूर. हे बदललं तर? जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत मिळून हे तपासलं. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत. आपल्याकडे हे काम दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झालं. एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं त्यात होती. निम्म्यांना जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीशी दिलं आणि दिवसातले जवळपास १७ तास तिथेच ठेवलं. बाकीच्यांना जुन्या नियमानं, स्थिर झाल्यावर.

२०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत २८ दिवसांच्या आत शंभरातली जवळपास १६ बाळं गेली, नव्या पद्धतीत १२. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या वेळेच्या आधीच थांबवला गेला. ज्यानं बाळ वाचतं हे कळलंय, ते निम्म्या बाळांना द्यायचं नाही, हे पुढे चालू ठेवणं बरोबर नव्हतं.

यातली परिचारिकांची बाजू समजून घ्या. आपल्याकडे बाळंतीण एका वॉर्डात असते आणि आजारी बाळ दुसऱ्या कक्षात. बाईचा रक्तस्राव, टाके, रक्तदाब पाहणार प्रसूती विभागाची सिस्टर. बाळाचं सलाइन, ऑक्सिजन पाहणार नवजात विभागाची सिस्टर. आता आईचा पलंगच बाळाच्या कक्षात आला, तर तिचे टाके कोण पाहणार? नवजात विभागाच्या सिस्टरांना बाळंतिणीची तपासणी शिकावी लागली, प्रसूती विभागाच्या सिस्टरांना दुसऱ्या वॉर्डात फेरी मारावी लागली. घरच्यांना आत घ्यायचं तर हात धुणं, कपडे, बसायची जागा, सगळं नव्यानं लावावं लागलं. पाच देश एकत्र आणायचे, आणि प्रत्येक रुग्णालयात हे दोन वॉर्डही एकत्र आणायचे. ही दुसरी जुळणी पहिलीपेक्षा सोपी नसते.

या पुराव्यावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी शिफारस केली. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर छातीशी घ्या, दवाखान्यात आणि घरीही, रोज ८ ते २४ तास. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही किंवा ज्याची प्रकृती फार गंभीर आहे, अशा बाळाला मात्र आधी उपचार. छातीची ऊब ही उपचाराच्या जोडीला असते, उपचाराऐवजी नसते.

आता कुणी म्हणेल, दवाखान्यात सिस्टर असतात म्हणून जमतं, घरी कोण बघणार? हरियाणातल्या दोन जिल्ह्यांत याचाच अभ्यास झाला. ८,४०२ बाळं होती, वजन दीड ते सव्वादोन किलो, तब्येत बरी. कार्यकर्त्या घरी जाऊन आईला शिकवत आणि पुन्हा पुन्हा भेट देत. जिथे हे केलं गेलं तिथे पहिल्या महिन्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी आणि सहा महिन्यांपर्यंतचे २५ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

घरभेटींच्या या कामात महाराष्ट्रानं जगाला काही दिलंही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथे बालमृत्यू कसे उतरले हे १९९९ साली जगापुढे आलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून देशभरात आशाताई या भेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई दारात येते. तिला पाणी द्या, बसवा आणि बाळाचं वजन करून घ्या. बाळ छातीशी बांधायचं कसं, हेही तिला विचारा.

तोवर मी थोडक्यात सांगते. पहिल्यांदा सिस्टरसमोर किंवा आशाताईसमोर करा, मग घरी.

आईनं हात स्वच्छ धुवावेत. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालावा. बाळाला फक्त टोपडं, पायमोजे आणि लंगोट. बाकी अंग उघडं, कारण कातडीला कातडी लागली तरच ऊब पोचते. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं ठेवा, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं. पाय बेडकासारखे दुमडलेले, हातही दुमडलेले. मान एका कुशीला वळवलेली आणि किंचित वर उचललेली. हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो, म्हणून नाक-तोंड सतत दिसत राहिलं पाहिजे. मग मऊ सुती कापडानं, जुन्या धुतलेल्या साडीनंही चालेल, बाळाला बुडापासून कानाच्या खालपर्यंत आधार देऊन बांधा. वरून पदर किंवा शाल.

एकदा घेतलं की निदान तासभर तरी ठेवा. सारखं काढलं-घातलं तर बाळाची झोप मोडते. दिवसभरात जितके तास होतील तितके चांगले. आई खुर्चीत रेलून बसू शकते, उशा लावून अर्धवट आडवी होऊन झोपू शकते, घरात चालू शकते. सपाट झोपू नये. आणि बाळाला छातीशी घेऊन चुलीपाशी जाऊ नये. दूध आईचंच. ओढता येत नसेल तर हातानं पिळून वाटी-चमच्यानं. पहिलं पिवळसर चीकदूध टाकून देऊ नका, बाळाची पहिली लस तीच समजा. बाळ अडीच किलोचं झालं की ते स्वतःच हातपाय झाडून सांगतं, आता मला सोडा.

आई दमली, आजारी असली तर? बाळाचा बाप घेऊ शकतो. आजी, मावशी, आत्या, कुणीही निरोगी माणूस घेऊ शकतं. बापाच्या छातीलाही तितकीच ऊब असते. ‘पुरुषानं कसं उघडं बसायचं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला झिंबाब्वे नि बोगोटाच्या गोष्टी सांगा.

पण खरी अडचण कुठे येते, ते तुम्हाला मला सांगायची गरज नाही. बारा तास बाळ छातीशी धरायचं, तर पाणी कोण भरणार? भाकरी कोण थापणार? थोरल्या लेकराला शाळेत कोण धाडणार? सिस्टरनं कितीही शिकवलं आणि घरात गेल्यावर सगळी कामं बाळंतिणीच्याच गळ्यात पडली, तर बाळ पुन्हा दुपट्यात गुंडाळून कोपऱ्यात जातं. म्हणून ऐकणाऱ्या सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे. सून बाळाला घेऊन बसली की ‘नुसती बसून आहे’ म्हणू नका. ती त्या तासांत पेटीचं, हीटरचं आणि पहाऱ्याचं, तिन्ही कामं एकटी करते आहे. शेकशेगडीच्या धुरानं या बाळाला त्रास होतो. त्यापेक्षा दुपारचे दोन तास तुम्हीच नातवाला छातीशी घ्या. सुनेला झोप मिळेल आणि नातवाचं वजन वाढलं त्याचं श्रेय तुम्हालाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नका. बाळ दूध ओढेनासं झालं. छातीशी ठेवूनही अंग गार लागतंय, किंवा ताप आहे. मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जातेय. ओठ निळे, तळपाय पिवळे, झटके, हाक मारूनही हालचाल नाही. लगेच १०२ किंवा १०८ ला फोन करा. जातानाही बाळाला छातीशीच बांधून न्या. वाटेतला गारठा फार वाईट.

शेवटची गोष्ट परिचारिकांची. २०१८ साली जगात ५९ लाख परिचारिका कमी पडत होत्या आणि त्यातली बहुतेक कमतरता गरीब देशांत होती. आपल्या शिकलेल्या मुली परदेशी नोकरीला जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण श्रीमंत देशांनी परिचारिका न्यायच्या आणि गरीब देशांना नुसते सल्ले द्यायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. कांगारूच्या गोष्टीत देणं-घेणं दोन्ही बाजूंनी झालं. बोगोटाच्या आयांनी दिलं आणि अमेरिका-स्वीडननं घेतलं. तिथल्या परिचारिकांनी मोजून दाखवलं आणि ते आपल्याला उपयोगी पडलं. पाच देशांनी मिळून जे शोधलं ते आता श्रीमंत देशांच्याही कामाचं आहे.

म्हणून गावात ग्रामसभा होईल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. आपल्या आरोग्य केंद्रात सिस्टरच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आईला बाळाजवळ राहायला पलंग आहे का? आईच्या छातीची ऊब फुकट आहे. पण ती बाळापर्यंत पोचवायला सिस्टर लागते, पलंग लागतो आणि घरच्यांचा हातभार लागतो. या तीन गोष्टी मागायला आपण लाजायचं नाही.

आपल्या शेजारीपाजारी कुणाचं बाळ लहानखुरं जन्मलं असेल तर आजच्या बोलण्यातलं तिच्या कानावर घाला.